मदत हवी आहे: रिव्ह्यूत 'निट' आणि 'याक' लिहिलंय, म्हणजे काय? (लवकर सांगा)

सेमीकोलन_सदा
नवीन टीममध्ये पहिलाच पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे कोडमधले बदल मंजुरीसाठी) टाकलाय. रिव्ह्यूअरने जागोजागी 'निट' लिहून ठेवलंय आणि सगळ्यात खाली 'याक शेव्हिंग वाटतंय'. संध्याकाळी डेमो आहे. शिव्या घातल्यात का मला?

घाटमाथा
निटच्या पुढे काय आहे? नुसतं निट कुणी लिहीत नाही. आणि पीआर अप्रूव्ह केलाय की चेंजेस मागितलेत?

सेमीकोलन_सदा
'निट: व्हेरिएबलचं नाव', 'निट: जादा स्पेस'. असलंच सगळं.

कोबोलकाका
निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. लिखा वेचाव्यात तशा बारीकसारीक चुका. सुधारल्यात तर उत्तम, नाही तरी पीआर अडत नाही, म्हणून तर आधी 'निट' लिहायचं. आमच्या वेळी प्रिंटआउटवर लाल पेन चालायचं, तिथे एवढी मुरवत नव्हती.

टॅबभक्त
स्पेसवरून निट? लिंटर (कोडमधल्या बारीक चुका दाखवणारा प्रोग्राम) प्री-कमिट हुकमध्ये टाका, म्हणजे कोड जमा होण्याआधी तो आपोआप चालतो, निम्मे निट आपोआप गायब. आणि ओळ आत सरकवायला स्पेस नाही, टॅबच वापरा.

नल_पॉइंटर
स्पेसच. अवांतर: प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' म्हणजे किडा का म्हणतात, माहितीये का? १९४७ साली संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरच्या टीमला हार्वर्डच्या मार्क टू संगणकात पतंग (उडणारा किडा) सापडला, तेव्हापासून बग.

कोबोलकाका
आला का पतंग! रिलेत अडकलेला तो पतंग लॉगबुकात टेपने चिकटवलाय हे खरं. पण खाली काय लिहिलंय? 'बग सापडल्याची पहिली खरीखुरी घटना.' शब्द आधीपासून नसता तर हा विनोद सुचला असता का? एडिसनने १८७८ च्या पत्रात बग वापरलाय.

नल_पॉइंटर
एडिसन प्रोग्रामर होता का?

घाटमाथा
पतंगासाठी वेगळा धागा काढा. सदा, पीआरमध्ये किती फाइली बदलल्यात?

सेमीकोलन_सदा
४१. तारखेचा फॉरमॅट बदलायचा होता. म्हटलं त्यासाठीची लायब्ररी (आयता कोड) जुनी आहे, अपडेट करून टाकू. मग नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) वरच्या आवृत्तीवर न्यावा लागला, मग टेस्ट फुटल्या, मग लिंटर ओरडायला लागला. बाकी काही नाही.

घाटमाथा
हाच तो याक! बल्ब बदलायला जावं तर स्टूल डुगडुगतं, हातोडी शेजाऱ्यांकडे, ते म्हणतात आधी आमची शिडी द्या. असं करत करत माणूस याक भादरत बसतो. नव्वदच्या दशकात एमआयटीच्या एआय लॅबमधून निघालेला शब्द आहे. निट सोडा, खरा रिव्ह्यू त्या शेवटच्या ओळीत आहे. तारखेचा बदल जुन्या लायब्ररीवर होतोय ना? मग तेवढाच वेगळ्या पीआरमध्ये काढा. बाकीचं डेमो झाल्यावर.

टॅबभक्त
स्पेसवाल्यांनी कारण दिलेलं नाही अजून.

घाटमाथा
आणि याला म्हणतात बाइकशेडिंग. क्षुल्लक गोष्टीवर वाद घालत बसणं. ब्रिटिश लेखक पार्किन्सनने १९५७ साली रंगवलेली समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते. प्रोग्रामर पॉल-हेनिंग काम्पने १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेलिंग लिस्टवर हाच दाखला दिला, तेव्हापासून आपल्या प्रोग्रामर लोकांत रूढ झाला.

आईसाहेब_कोथरूड
मुलगी बारावीला आहे. क्लास पायथनचा लावावा की जावाचा?

सेमीकोलन_सदा
वेगळा पीआर टाकला. तीनच फाइली. त्यावर त्याने फक्त 'एलजीटीएम' लिहिलंय. हे काय आता??

घाटमाथा
'लुक्स गुड टू मी', म्हणजे 'मला ठीक वाटतंय'. पण अप्रूव्हचं बटण दाबलंय का त्याने? दुसऱ्यांदा विचारतोय.

सेमीकोलन_सदा
हो, हिरवी खूण दिसतेय.

कोबोलकाका
मग मर्ज करा की, मूळ कोडमध्ये मिसळून टाका! @नल_पॉइंटर, एडिसन प्रोग्रामर नव्हता, पण बग त्याच्याही यंत्रात होते.