साडेपाच लाखांत लग्न: कुठे हात आखडायचा, कुठे नाही?

अंतरपाट:
डिसेंबरमध्ये नाशिकला लग्न आहे. वधूपक्ष इथलाच, वरपक्ष संगमनेरचा. दोन्ही घरांनी मिळून साडेपाच लाखांच्या आत सगळं बसवायचं ठरवलंय. सोनं यात नाही, ते ज्याचं त्यानं करायचं. मुहूर्त दुपारी १२.३५चा. मागवलेले दर असे आहेत:

कार्यालय, आदल्या दुपारी ४ ते लग्नाच्या दुपारी ४: १,१०,०००
लग्नाचं जेवण, ३५० ताटं, ३८० प्रमाणे: १,३३,०००
सकाळचा नाश्ता-चहा, २५० जण, ९० प्रमाणे: २२,५००
आदल्या रात्री सीमांतपूजनाचं जेवण, १२० जण, ३०० प्रमाणे: ३६,०००
सजावट: ७५,०००
फोटो-व्हिडिओ: ८५,०००
बँड आणि घोडा: ३५,०००
मेकअप: २०,०००
गुरुजी आणि पूजासाहित्य: १५,०००
पत्रिका: १५,०००
कपडे: ८०,०००
आहेर-मानपान: ६०,०००

बेरीज ६,८६,५००, म्हणजे १,३६,५०० जास्त. घरात सगळ्यांचं म्हणणं, प्रत्येक गोष्टीतून वीस टक्के कापा. ते बरोबर आहे का? नसेल तर आधी कशाला हात लावायचा?

हिशेबनीस:
वीस टक्के सगळीकडून कापू नका. ३८०चं ताट ३००वर आणलं की आचारी तेलात, तुपात आणि वाढप्यांच्या संख्येत कापतो आणि ते प्रत्येक पाहुण्याला जाणवतं. उलट एखादा प्रकार अख्खा काढला तर त्याची उणीव फार कुणाला भासत नाही.

आधी यादीचे दोन भाग करा. ताट, नाश्ता, पत्रिका हे डोक्यामागचे खर्च. कार्यालय, सजावट, फोटो, बँड हे ठोक, म्हणजे माणसं कमी-जास्त झाली तरी तेवढेच. इथेच लोकांची गफलत होते. "माणसं कमी करा" हा सल्ला सगळे देतात, पण तुमच्याकडे १०० माणसं कमी केली तरी जेवणात ३८,००० वाचतात, ठोक आकडे जागच्या जागी. माणसं कमी करण्याचा खरा फायदा तेव्हाच, जेव्हा त्यामुळे लहान कार्यालय चालतं. म्हणून पाहुण्यांची यादी कार्यालयाला इसार देण्याआधी पक्की करा, नंतर नाही.

आता तुमच्या आकड्यांवर असं करता येईल:

सीमांतपूजन लग्नाच्या सकाळीच करा. विधी अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. आदल्या रात्रीचं जेवण गेलं, ३६,००० सुटले. बँड-घोडा पूर्ण काढा, ३५,०००. आहेर "देणार नाही, घेणार नाही" असं दोन्ही घरांनी ठरवा आणि मामा, करवल्या, आजी-आजोबा यांच्यापुरते १५,००० ठेवा, ४५,००० सुटले. पत्रिका देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांना हातात द्यायला ५०च छापा, बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर, १२,०००. ताटं ३५० ऐवजी ३००, १९,०००. सजावट ५०,०००त बसवा, २५,०००.

एकूण १,७२,००० कमी होतात आणि खर्च ५,१४,५००वर येतो. उरलेले ३५,५०० आत्ताच कशाला लावू नका. ऐन वेळी ते लागतातच.

सजावटीचं एवढंच: खरी फुलं वधूवर उभे राहतात त्या मधल्या दहा-बारा फुटांत आणि प्रवेशद्वारावर. स्टेजच्या दोन्ही बाजूंना साधं कापड चालतं, फोटोत त्या कडा फारशा येतच नाहीत.

तुमच्या यादीत एक गोष्ट राहिली आहे. वऱ्हाडाची गाडी. ती वरपक्षाच्या खिशातून की सामाईक, हे आजच बोलून घ्या. एसटीच्या प्रासंगिक कराराचा (अख्खी बस भाड्याने घेण्याचा) दरही आगारात विचारा, खासगी बसशी ताडून बघता येतो.

ताटवाटी:
वरच्या हिशेबाशी सहमत, फक्त सीमांतपूजनाबद्दल थोडं वेगळं. वऱ्हाड सकाळी यायचं तर दोन तासांचा रस्ता आहे, म्हणजे साडेपाचला निघावं लागेल. एक बस उशिरा आली की सगळे विधी ढकलले जातात आणि गुरुजी घाई करतात. त्यामुळे नवरदेव, आई-वडील, मामा अशी १५-२० माणसं आदल्या रात्रीच आणून ठेवा. कार्यालय तसंही तुमच्याकडे आदल्या दुपारपासून आहे. त्यांना पिठलं-भाकरी किंवा खिचडी-कढी, ती घरूनही करून आणता येते.

जेवण हा या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा खर्च, त्यामुळे आचाऱ्याशी बोलताना या गोष्टी लिहून घ्या.

हमीची ताटं. ३०० माणसं अपेक्षित असतील तर हमी २६०ची द्या आणि वरची ४० ताटं त्याच दराने मिळतील असं लिहून घ्या. ३००ची हमी दिली आणि २५५ आले, तर ४५ ताटांचे १७,१०० रुपये कुणी न जेवता जातात. लग्नाच्या तीन-चार दिवस आधी अंतिम आकडा कळवायचा, त्यानंतर बदल नाही, हेही ठरवा.

मोजणी. बुफेत ताटं कशी मोजायची यावरूनच शेवटी वाद होतात. सुरुवातीला मांडलेली ताटं दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोजून लिहायची, नंतर आणलेली प्रत्येक चळत लिहायची, शेवटी उरलेली वजा करायची. एकाच माणसाने दोनदा ताट घेतलं तर ते दोनदा मोजलं जातं, म्हणून पुन्हा वाढून घेणाऱ्यांना त्याच ताटात घ्यायला सांगणारा माणूस उभा करा. वाढपी, वाजंत्री, फोटोग्राफर यांची ताटं कुणाच्या हिशेबात, तेही आधीच.

पदार्थ. गोड एकच ठेवा, पण चांगलं. अंदाज १०० जणांचा: जिलेबी ८ ते ९ किलो किंवा श्रीखंड १० किलो, मसालेभाताला तांदूळ ६ किलो, साध्या भाताला ४ किलो, पुऱ्या ५००, मठ्ठा १८ ते २० लिटर. चाट, पास्ता वगैरेचा वेगळा काउंटर लावला की ताटाचा दर वाढतो, आणि जेवण काही कमी लागत नाही. लोक तिथे खाऊन ताटही घेतात आणि अर्धं टाकतात. काढायचं असेल तर हे आधी काढा, अळूची भाजी आणि मठ्ठा नको.

पंगत की बुफे? पंगतीत नासाडी कमी आणि मान राहतो, पण दर १२ ते १५ पानांमागे एक वाढपी लागतो आणि एका पंगतीला पाऊण तास जातो. १००ची जागा असेल तर ३०० माणसांना सव्वादोन तास. १२.३५चा मुहूर्त आणि ४ला कार्यालय रिकामं करायचं, तेव्हा बुफे घ्या. २५-३० ज्येष्ठांसाठी टेबलावर बसून पान वाढायची सोय करा आणि लहान मुलांना, पथ्य असलेल्यांना मुहूर्ताआधीच वाढा. अक्षता पडल्या की सगळे एकदम जेवायला निघतात, म्हणून दोन्ही बाजूंनी घेता येईल अशा दोन रांगा लावा.

पाणी: अर्ध्या दिवसाला माणशी एक लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ जार.

कार्यालयाला इसार देण्याआधी विचारा: वीज मीटरप्रमाणे वेगळी का, जनरेटरचं डिझेल कुणाचं, सफाईचे पैसे, अनामत कधी परत, बाहेरचा आचारी आणला तर रॉयल्टी (त्यासाठी कार्यालय घेतं ते शुल्क) किती. भाड्यावर जीएसटी १८ टक्के आहे. १,१०,०००त तो धरला नसेल तर आणखी १९,८०० लागतील. हिशेबनीस यांनी बाजूला ठेवलेल्या ३५,५००मधले निम्म्याहून जास्त तिथेच जातात.

अंतरपाट:
मनापासून आभार. जीएसटीचं विचारलंच नव्हतं, दर वगळून आहे असं आता कळलं. नवरदेवाच्या आत्यांचा घोड्यासाठी आग्रह आहे. आणि फोटोच्या ८५,०००मध्ये दोन फोटोग्राफर, दोन व्हिडिओ, ड्रोन, एलईडी पडदा आणि दोन अल्बम आहेत. त्यातून काही सुटेल का?

सप्तपदी:
सुटेल. एलईडी पडदा कार्यालयाच्या आत ३०० माणसांना लागत नाही. ड्रोनला बंद सभागृहात कामच नाही. अल्बम एकच घ्या, दुसऱ्या घराला सगळे फोटो हार्ड डिस्कवर द्या. दोन फोटोग्राफर मात्र ठेवा. सप्तपदी आणि लाजाहोम चालू असताना एक जण विधीवर असतो आणि दुसरा घरच्यांच्या चेहऱ्यांवर, हे एकाला जमत नाही. व्हिडिओला एक पुरे. यादी लहान झाली की नवा दर मागा, पण दर उतरवताना "माणूस कोण येणार" हे लिहून घ्या. नाहीतर दाखवलेलं काम एकाचं असतं आणि लग्नात दुसराच येतो. कच्चे फोटो किती दिवसांत, अल्बम किती दिवसांत, हेही लिहा आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच द्या.

स्टेजवरच्या फोटोंचा वेळ कुणी धरत नाही. १०० कुटुंबं, प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तरी ५० मिनिटं. वधूवर उपाशी राहतात ते यामुळे. जवळच्या १५ गटांची नावं लिहून एका करवलीच्या हाती द्या, ते फोटो आधी काढा, मग वधूवरांना जेवायला बसवा आणि उरलेले फोटो नंतर.

घोड्याचं: आत्यांचा मान ठेवायचा तर बँड नको, नुसता घोडा अर्ध्या तासासाठी, आणि तो खर्च मानपानाच्या १५,०००तून. दोन्ही हवंच असेल तर आहेराचा ठराव मोडावा लागेल. हा पर्याय त्यांच्यापुढे आकड्यासकट ठेवा.

विवाहनोंदणीची तयारी लग्नाआधीच करा. तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर गुरुजींची सही लागते. लग्नाच्याच दिवशी गुरुजींकडून सही करून घ्या, नंतर ते मुहूर्तांच्या गर्दीत सापडत नाहीत. छापील पत्रिकेची प्रतही मागतात, म्हणून ५० छापल्यात त्यातल्या चार बाजूला ठेवा. पत्रिकेवरची नावं आणि तारीख आधार कार्डाशी, शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळवून मगच छपाईला द्या. ९० दिवसांच्या आत नोंदणी केली की विलंबशुल्क नाही.

हिशेबनीस:
जीएसटी धरून खर्च ५,३४,३०० झाला, हाताशी १५,७००. फोटोतून किमान २०,००० सोडवा म्हणजे पुन्हा ३५,७०० होतील. आणि नाश्त्याचे २५० तपासा. नाशिकची बरीचशी मंडळी अकरानंतर येतील, ती नाश्त्याला नसतात. १५०ची हमी पुरेल, ९,००० आणखी सुटतात.