पाकळ्या गळतात त्या फूल उशिरा तोडल्यामुळे
वाळवलेल्या फुलांच्या रीथवर (दारावर लावायच्या गोल हारावर) हेअर स्प्रे मारला की पाकळ्या गळत नाहीत, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. स्प्रेने थोडा फरक पडतो हे खरं, पण माझ्या मते मूळ कारण आधीच घडून गेलेलं असतं. आपण फूल पूर्ण उमलल्यावर तोडतो. तोडल्यावरही ते वाळता वाळता उमलत राहतं. स्ट्रॉफ्लॉवरचं (कागदासारख्या कडक पाकळ्यांचं फूल) तर हे हमखास होतं. पूर्ण उघडलेलं तोडलं तर पाकळ्या मागे वळतात, मधला पिवळा भाग मोकळा पडतो आणि हात लागला की भुसा. बाहेरच्या दोन-तीन ओळीच उघडल्या असताना तोडायचं. त्याचा देठ वाळल्यावर डोकं पेलत नाही, म्हणून पातळ तार ताज्या फुलातच खोचून ठेवायची. फूल आक्रसतं आणि तारेला घट्ट धरून बसतं. वाळल्यावर तार घालायला गेलात तर फूल फुटतं, माझी पहिली सगळी अशीच गेली.

हायड्रेंजियाचं (लहान फुलांचे मोठे गुच्छ येणारं झुडूप) मात्र नेमकं उलटं. ताजा गुच्छ तोडून टांगला की मलूल होऊन चुरगळतो. तो झाडावरच राहू द्या, पाकळ्या कागदासारख्या लागायला लागल्या की मग कापा. टांगायची जागा अंधारी आणि हवेशीर हवी. उजेडात रंग उडतो, आणि तो कुठल्याही स्प्रेने परत येत नाही.