चौघांसाठी गाणं बसवून राहिलो, पण सगळा चिखल होते

धरमपेठवाला: आमचा नागपुरातला छोटा ग्रुप आहे, फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो. एका जुन्या भावगीताची पियानोवरची नोटेशन जशीच्या तशी चौघांना वाटून दिली तर सगळं घुमते नुसतं आणि क्लॅरिनेट तर भलत्याच पट्टीत! काऊन होत असंल असं?

बर्डीचा बाजा: भाऊ, क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असंल. त्याच्यासाठी सी लिहिला की ऐकू बी फ्लॅट येतो, म्हणून त्याचा पार्ट एक पूर्ण टोन वर लिहा. म्युझस्कोअर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आपोआप करून देते.

महालकर: घुमते ते वेगळ्या कारणानं. पियानोतला डावा हात खाली जवळजवळचे सूर दाबतो, ते चेलो-क्लॅरिनेटला तसेच दिले की गढूळच होणार, खाली अंतर मोठं ठेवा, वर दाटी चालते. फ्लूट खालच्या सप्तकात लई नाजूक वाजते, तिथं चाल दिली तर बाकीच्यांना गप्प बसवा (चौघांनी सतत वाजवलंच पाहिजे असं कोणी सांगितलं?). रावेल या संगीतकारानं १९२२ मध्ये मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या पियानोच्या रचनेचं ऑर्केस्ट्रेशन केलं, म्हणजे ती अख्ख्या वाद्यवृंदाला वाटून दिली, मूळ पियानोचा स्कोअर शेजारी ठेवून बघा, पुस्तकापेक्षा जास्त कळते.

धरमपेठवाला: अरे बापरे, मी कोणालाच एक मात्रा विश्रांती दिली नव्हती. अंतऱ्यात चाल चेलोला देऊन बघतो.

महालकर: द्या, पण व्हायोलिनला सगळ्यात खालच्या जी सुराच्या खाली काही लिहू नका, तिथं तारच नाही 😄