प्रतिसाद: चित्राची गती आणि चित्रावर चढवलेली गती

अमूर्त चित्राला हलते केले की त्यातली स्तब्धता संपते आणि हाती उरतो तो केवळ दृश्यचमत्कार, असा जो आक्षेप या चर्चेत घेतला गेला आहे, तो मला अर्धाच पटतो. अमूर्त अ‍ॅनिमेशनपट करणारे चित्रकार ऑस्कर फिशिंगर यांनी १९४७ च्या ‘मोशन पेंटिंग नंबर १’ या लघुपटासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर तैलरंगात काम करताना कुंचल्याच्या प्रत्येक फटकाऱ्यानंतर एकेक फ्रेम, म्हणजे चित्रपटातले एक स्थिरचित्र, टिपली, त्यामुळे तिथली हालचाल बाहेरून चढवलेली नाही, ती चित्र घडण्याचीच नोंद आहे. आजच्या पुष्कळ डिजिटल कामांत नेमके हेच हरवते. तयार चित्र स्कॅन करून त्यातले आकार सॉफ्टवेअरने गुळगुळीत सरकवले, की रंगाचा थर, ओरखड्यांची खडबड आणि हाताचा दाब यांचा त्या गतीशी काही संबंधच उरत नाही.

प्रत्यक्ष कॅनव्हासवर प्रोजेक्टरने अ‍ॅनिमेशन टाकण्याचा मार्ग मला अधिक कसदार वाटतो. प्रोजेक्टर फक्त प्रकाश टाकू शकतो, काळा रंग नव्हे; म्हणून गडद भाग रंगद्रव्यालाच सांभाळावा लागतो, आणि जाड थरांवरून सरकणारा प्रकाश त्यांच्या कडांशी तुटतो. कुठला भाग त्या प्रकाशासाठी फिका सोडायचा, हे चित्रकाराला रंग लावतानाच ठरवावे लागते.