प्रति: स्टीलच्या जुन्या रेसिंग सायकली

जुन्या हँडमेड रेसिंग सायकली स्टीलच्या म्हणजे जडच असणार, असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटलं. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किमी मारून विक्रम केला ना, ती सायकल इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागो या कारागिराने बनवलेली, फ्रेम स्टीलचीच, आणि वजन पावणेसहा किलोच्या आसपास! ट्रॅकची सायकल होती, म्हणजे ब्रेक नाही गिअर नाही, मान्य, पण कोल्नागोने हँडलला भोकं पाडली, अहो चेनच्या कड्यांनासुद्धा पाडली, एकेक ग्रॅम कमी करायला. हे काम कारागीरच करू जाणे.

आणि मर्क्सचे पाय काय होते ते बघायचं असेल तर पुढचं ऐका. २००० मध्ये ब्रिटिश सायकलपटू क्रिस बोर्डमनने तसल्याच जुन्या पद्धतीच्या सायकलवर, एअरो (हवेचा विरोध कमी करणारं) हँडलबिंडल काही न वापरता तोच विक्रम मोडला, तर किती पुढे गेला? फक्त १० मीटर. २८ वर्षांनी!

ब्रसेल्सला मर्क्सच्या नावाच्या मेट्रो स्टेशनात त्याची ती १९७२ची सायकल काचेआड ठेवलीय. तिकडे कोणी राहत असेल तर चेनचा जवळून फोटो टाका ना प्लीज.