मदत हवी आहे: धडगावच्या जोडप्याची सिकल सेलसाठी गर्भतपासणी वेळेत आणि फुकट कशी होईल?

रानवाट:
नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका जोडप्यासाठी विचारते आहे. बाई ८ आठवड्यांची गरोदर, पहिलीच खेप. तिचा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) रिपोर्ट आहे: हिमोग्लोबिन एस (सिकल सेलचं हिमोग्लोबिन) ३४ टक्के, ए-टू (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) ३.१ टक्के. म्हणजे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक: स्वतःला आजार नाही, पण दोष बाळाकडे जाऊ शकतो. नवऱ्याची शिबिरात फक्त सोल्युबिलिटी (सिकल सेलची झटपट चाचणी) झाली, ती निगेटिव्ह. 'नवऱ्याला काही नाही, काळजी करू नका' एवढं सांगून दोघांना घरी पाठवलं. पण नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीला लहानपणापासून रक्त चढवावं लागतं.
नवऱ्याची तेवढी तपासणी पुरेशी आहे का? नसेल तर पुढचं सगळं किती दिवसांत उरकायला हवं, आणि खर्च कोणाकडे मागायचा? खासगीत पैसे भरून करणं त्यांना शक्य नाही.

सूक्ष्मदर्शक:
पुरेशी नाही. सोल्युबिलिटी फक्त हिमोग्लोबिन एस पकडते. नवरा बीटा थॅलेसिमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक असेल तर ती निगेटिव्हच येणार, आणि तरीही बाळाला एस-बीटा थॅलेसिमिया (आईकडून एस, बापाकडून थॅलेसिमिया; सिकल सेलचाच एक प्रकार) होण्याची शक्यता दर गरोदरपणात चारात एक. बहिणीला रक्त लागतं म्हटल्यावर हा संशय आधी धरायचा.
याच आठवड्यात नवऱ्याचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी करून घ्या. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि ए-टू ४ किंवा वर असेल तर बीटा थॅलेसिमिया वाहक धरतात. ए-टू ३.५ ते ४ मध्ये अडकला तर 'नॉर्मल' म्हणून सोडून देऊ नका. लोह कमी असलं की ए-टू थोडा खाली दिसतो. बहिणीचा एचपीएलसी आत्ता करण्यात अर्थ नाही. रक्त चढवल्यावर साधारण तीन महिने त्यात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. तिच्या आईवडिलांचं रक्त तपासलं तर खरं कळेल.

अनघा_जेनेटिक्स:
सूक्ष्मदर्शक यांच्याशी सहमत. आता वेळेचं गणित. वारेचा तुकडा घेऊन तपासणी (सीव्हीएस) ११ ते १३ आठवड्यांत होते. १० आठवड्यांच्या आत करत नाहीत, बाळाच्या हातापायांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे ताई, तुमच्याकडे तीन आठवडे आहेत आणि त्यातच नवऱ्याचा जनुकदोष नेमका कोणता हे ठरायला हवं. एसचा बदल एकच आणि ठरलेला, त्यामुळे तो शोधणं सोपं. बीटा थॅलेसिमियाचे बदल मात्र अनेक. आईवडिलांचे बदल माहीत नसतील तर बाळाच्या नमुन्यात काय शोधायचं हेच लॅबला कळत नाही. पुष्कळ जोडप्यांचा वेळ इथेच जातो.
म्हणून दोघांचं रक्त आत्ताच लॅबला पाठवा: जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये प्रत्येकी ३ ते ५ मिली, ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करून. गुठळी झाली तर नमुना वाया. २ ते ८ अंशांवर ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. ट्यूबवर नाव, तारीख आणि 'पती' किंवा 'पत्नी' स्पष्ट लिहा.
माणसांनी प्रवास फक्त सीव्हीएससाठी करायचा. मुंबईत परळच्या एनआयआयएचमध्ये (रक्ताच्या आजारांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था, केईएम रुग्णालयाच्या आवारात) हिमोग्लोबिनच्या आजारांचं गर्भनिदान होतं. आधी बोलून तारीख पक्की केल्याशिवाय निघू नका. सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्तगट हवाच. आरएच निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डी इंजेक्शन लागतं. आईचं रक्त तिथे पुन्हा घेतील, कारण वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर रिपोर्ट चुकतो. सीव्हीएस हुकली तर १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी, पण मग निर्णयाला वेळ फार थोडा उरतो.

तापीकाठ:
पैशाचं सांगतो. महात्मा फुले योजनेवर विसंबू नका, ती मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव घ्या. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या आणि एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात नेण्याचं वाहन फुकट देणं त्यात बसतं. ग्रामीण रुग्णालयातून लेखी संदर्भचिठ्ठी घ्या. तोंडी 'मुंबईला जा' याला कुठेच किंमत नाही. वाटखर्च आणि मुंबईतल्या मुक्कामासाठी आदिवासी प्रकल्प कार्यालयात न्यूक्लिअस बजेटमधून (आदिवासींच्या स्थानिक गरजांसाठीचा निधी) मदतीचा अर्ज करा.
अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, प्रत जिल्हा आरोग्य अधिकारी आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना. पहिल्याच ओळीत गरोदरपणाचे आठवडे आणि 'अमुक तारखेनंतर ही तपासणी करता येणार नाही' हे वाक्य. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

रानवाट:
नवऱ्याचा एचपीएलसी उद्या होतोय. एक अडचण आहे. 'गर्भलिंग कायद्यामुळे आम्ही अशा तपासणीत पडत नाही' असं उत्तर मिळालं. आणि सासूला वाटतंय की तपासणी म्हणजे गर्भ पाडायला लावणार.

अनघा_जेनेटिक्स:
पहिलं उत्तर चुकीचं आहे. १९९४ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये हिमोग्लोबिनचे आजार गर्भनिदानासाठी नावानिशी मान्य आहेत. बंदी लिंग सांगण्यावर आहे. नोंदणीकृत केंद्र आणि बाईची लेखी संमती (नमुना 'जी') एवढं लागतं. संमती तिला समजणाऱ्या भाषेत हवी, म्हणून पावरी किंवा भिली बोलणारी आशाताई समुपदेशनाला बसवा.
सासूबाईंची भीती खरी माना. तपासणी केली म्हणून काही करावंच लागतं असं नाही. रिपोर्ट आल्यावर गर्भ ठेवायचा की नाही, हे त्या बाईने ठरवायचं. दवाखान्याने नाही, सासरच्यांनीही नाही. तपासणीच नको म्हणाली तरी तिच्या सोयी कमी होता कामा नयेत. अशा वेळी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाच्या टाचेच्या रक्ताची तपासणी ठरवून ठेवा. सिकल सेल निघाला तर दोन महिन्यांपासून रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकोकल लस यांनी जीव वाचतात.

तापीकाठ:
हे एका जोडप्यापुरतं ठेवू नका. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. वाहकाचं कार्ड हातात देऊन पुढची तपासणी एका रात्रीच्या प्रवासावर ठेवायची, हा न्याय नाही. पुण्यातल्या पगारदार जोडप्याला जे आठवड्यात मिळतं ते धडगावला मिळायलाच हवं.
माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी जिल्ह्यात दोघेही वाहक असलेली जोडपी किती सापडली, त्यातली किती गर्भनिदानासाठी पाठवली, नमुने पाठवण्याची व्यवस्था काय. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. आकडे आले की ग्रामसभेच्या ठरावाला जोडून दोन मागण्या करा: महिन्यातून ठरलेल्या दिवशी रक्ताचे नमुने लॅबला जावेत, आणि वाहक बाईच्या नवऱ्याचा एचपीएलसी तिच्या पहिल्याच गरोदरपणाच्या तपासणीत व्हावा.

सूक्ष्मदर्शक:
दुसऱ्या मागणीत 'सोल्युबिलिटी काहीही आली तरी' हे शब्द घाला. रानवाट ताई, उद्याचा रिपोर्ट आला की ए-टू, एमसीव्ही आणि आरबीसी काउंट इथे टाका. नावगाव झाकून.