चक्राकार विश्व आणि टोलमनचा आक्षेप : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पार्ल्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या रविवारी मला विश्वाच्या उत्पत्तीवर बोलायचं आहे. मी वाणिज्य शाखेची, गणित बेताचं. बाकी तयारी झाली आहे, एका ठिकाणी मात्र अडले आहे.

कट्ट्यावरच्या बऱ्याच ज्येष्ठांना विश्व पुन्हापुन्हा जन्मतं आणि लय पावतं ही कल्पना जवळची वाटते. ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा, तेवढीच रात्र, मग पुन्हा सृष्टी. आकडा जुळत नाही, कारण महास्फोटालाच सुमारे 1380 कोटी वर्षं झाली. तरीही ही कल्पना मला भव्य वाटते आणि ती खरी निघावी असं मनापासून वाटतं. म्हणूनच तिच्याविरुद्धचं म्हणणं आधी नीट कळायला हवं.

1922 साली रशियन गणितज्ञ फ्रीडमनने आइनस्टाइनच्या समीकरणांवरून दाखवलं, की द्रव्य पुरेसं दाट असेल तर प्रसरण थांबून विश्व आकुंचन पावेल. इथवर समजलं. पण 1930च्या दशकात टोलमन या भौतिकशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला : एन्ट्रॉपी (म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्था) कमी होत नाही, एका आवर्तनातली पुढच्यात जाते, त्यामुळे प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा मोठं आणि लांब होतं. म्हणजे मागे जावं तशी आवर्तनं लहान होत जाणार आणि कुठेतरी सुरुवात मानावीच लागणार. मग अनादि कसं म्हणायचं?

शिवाय 1998 मध्ये सुपरनोव्हांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून प्रसरणाचा वेग वाढतोय असं दिसलं. मग आकुंचनाचा प्रश्नच मिटला का? आणि नारळीकर सरांचं आंदोलन करणारं विश्व यात कुठे बसतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद – खगोलवेडा, ठाणे

ताई, प्रश्न नेमका आहे. टोलमनचा आक्षेप जिथे आवर्तनाच्या शेवटी विश्व आकुंचन पावून पुन्हा सुरुवातीच्या लहानशा आकाराला येतं, तिथे लागतो. स्टाइनहार्ट आणि टुरॉक यांनी 2002च्या सुमारास मांडलेल्या प्रतिमानात तसं होत नाही. तिथे प्रत्येक आवर्तनात अवकाश प्रचंड ताणला जातो आणि आकुंचनात तितका आवळत नाही. जुनी एन्ट्रॉपी नष्ट होत नाही, इतकी पांगते की आपल्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. वाढत्या वेगाचं प्रसरण तिथे अडचण नसून गरजच आहे. प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा, म्हणजे डार्क एनर्जी, कालांतराने क्षीण होते आणि मग आकुंचन सुरू होतं, असं ते मानतात. 2024 आणि 2025 मध्ये दीर्घिकांची मोजणी करणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या मोजमापांत ती क्षीण होत असावी असे संकेत दिसले, पण शोध लागला म्हणण्याइतके ते पक्के नाहीत. शिवाय क्षीण होणं म्हणजे आकुंचन नव्हे. हा फरक कट्ट्यावर आवर्जून सांगा.

रॉजर पेनरोज यांच्या चक्राकार विश्वाच्या कल्पनेत तर आकुंचन नाहीच. अभय अष्टेकर आणि सहकाऱ्यांच्या गणितात अतिघनतेला गुरुत्वाकर्षण ढकलू लागतं आणि विश्व उसळी घेतं. पण एक उसळी म्हणजे अनंत चक्रं नव्हेत.

नारळीकर सरांची गोष्ट वेगळीच सांगा. हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत 1993 मध्ये मांडलेलं ते प्रतिमान महास्फोटाला पर्याय होतं. विश्व एकंदरीत वाढतच राहतं आणि त्या वाढीवर आंदोलनं स्वार असतात. ते शून्याला कधीच येत नाही, नवं द्रव्य निर्माण होत राहतं. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. वैश्विक पार्श्वप्रारणाचे (सगळ्या आकाशातून येणाऱ्या, आरंभीच्या विश्वातून उरलेल्या मंद प्रारणाचे) बारकावे महास्फोटाशी फार चांगले जुळतात.

एक अडचण उरते. बोर्ड, गुथ आणि विलेंकिन यांनी 2003 मध्ये सिद्ध केलं, की ज्या विश्वाचं सरासरी प्रसरण होत आलंय त्याचा प्रसरणाचा इतिहास भूतकाळात अनंतापर्यंत नेता येत नाही. एन्ट्रॉपी पांगवायला नेमकं हेच निव्वळ प्रसरण लागतं.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. म्हणजे प्रसरण-आकुंचन अगदी समसमान असेल तर हे प्रमेय लागत नाही, पण मग टोलमन आडवा येतो. असंच ना?

खगोलवेडा

अगदी असंच. आज या दोन्हींतून निर्विवाद सुटलेलं प्रतिमान माझ्या पाहण्यात नाही. ज्येष्ठांना हेच सांगा, आणि टोलमनचा मुद्दा फळ्यावर लहान-मोठी वर्तुळं काढून दाखवा, पटकन कळेल.